मांजराचा गुडघा आणि न दुखणारं कार्टिलेज

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेट गेलं, किंवा ऐकता ऐकता एखादा शब्द निसटला, तर इथे सापडेल. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत.

विषय आला एका श्रोत्या ताईंच्या व्हॉइस नोटमधून. त्यांचं मांजर ११ वर्षांचं आहे. पूर्वी ते जमिनीवरून थेट फ्रिजवर जायचं. आता आधी खुर्ची, मग ओटा, मग फ्रिज, आणि कधी कधी मध्येच विचार बदलून परत खाली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, गुडघ्याचं कार्टिलेज झिजलंय. ताईंचे दोन प्रश्न होते. एक, एक्स-रेत तर नुसती हाडं दिसतात, मग कार्टिलेज झिजलेलं दिसलं कसं? आणि दोन, एवढं झिजेपर्यंत मांजर एकदाही ओरडलं कसं नाही?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे: कार्टिलेजच्या बांधणीत. मी व्हेट नाही, सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे औषधं सांगणार नाही. पण एखादी गोष्ट आतून कशी बांधली आहे आणि म्हणून ती कशी बिघडते, हा माझा आवडता विषय आहे. आणि हे कार्टिलेज प्रकरण मला तरी कुठल्याही सर्व्हरपेक्षा भारी वाटलं.

आधी गुडघा शोधूया

घरात मांजर असेल तर आत्ताच बघा, म्हणजे ते बघू देत असेल तर. मागच्या पायाचा जो सांधा मागच्या बाजूला टोक काढून उभा असतो, उलटा वाकल्यासारखा वाटतो, तो गुडघा नव्हे. ती टाच. मांजर आपल्यासारखं तळपाय टेकून चालत नाही, बोटांवर चालतं, म्हणून टाच कायम हवेत. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाजवळच्या सैल कातडीत अर्धा लपलेला असतो, आणि तो आपल्यासारखाच पुढे तोंड करून असतो.

आत काय आहे? वरून मांडीचं हाड येतं. त्याच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे, जणू दोन बोरं शेजारी शेजारी ठेवलीत. खालून नडगीचं हाड येतं, त्याचा माथा जवळजवळ सपाट. पुढे गुडघ्याची वाटी, जी मांडीच्या हाडावरच्या एका खोबणीतून वर-खाली घसरते. या सगळ्याला जागेवर धरून ठेवायला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या. त्यातल्या दोन सांध्याच्या आत एकमेकींना फुली मारून जातात. एसीएल फाटला म्हणून क्रिकेटपटू संघाबाहेर जातात ना, तीच त्यातली एक.

आता थोडं कच्चं गणित. ४ किलोचं मांजर, उडी मारताना शरीराचा मध्य साधारण सव्वा मीटर वर जातो असं धरू. तेवढं वर जायला जमीन सोडताना वेग लागतो सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. हा वेग मांजर कमावतं केव्हा? दबा धरून बसल्यापासून पाय पूर्ण ताठ होईपर्यंत, म्हणजे जेमतेम ३० सेंटिमीटर अंतरात. हिशेब केला तर त्या क्षणी पाय जमिनीला सरासरी शरीराच्या वजनाच्या पाचपट जोराने ढकलत असतात. साधारण २० किलो, दोन पायांत वाटून प्रत्येकी १०. आणि हा झाला जमिनीवरचा आकडा. गुडघ्याच्या आत जोर याहून जास्त पडतो, कारण मांडीचे स्नायू सांध्याला ओढून दाबत असतात. हे सगळं त्या दोन बोरांएवढ्या उंचवट्यांवर. दिवसातून किती वेळा, ते तुमच्या मांजराच्या स्वभावावर.

हाडावर हाड असं थेट घासलं असतं, तर हे काही महिनेसुद्धा टिकलं नसतं. मध्ये कार्टिलेज आहे म्हणून चालतं. मराठीत याला कूर्चा म्हणतात. शाळेच्या पुस्तकात वाचला असेल हा शब्द. मी दोन्ही वापरतो, सांभाळून घ्या.

लेगपीसचं टोक

कूर्चा बघायची असेल तर पुढच्या वेळी चिकनचा लेगपीस खाताना हाडाचं टोक नीट बघा. पांढरं, चकचकीत, ओलसर टोपण असतं, दाताखाली कुरकुरतं. ती कूर्चा. शाकाहारी मंडळींनी स्वतःचं नाक हलवून बघावं. तीही कूर्चाच, प्रकार तोच.

मांजराच्या गुडघ्यात कूर्चा मुख्यतः दोन जातींची. एक, हाडांच्या टोकांवर चढवलेली गुळगुळीत टोपणं. दोन, मांडीचं हाड आणि नडगी यांच्या मध्ये ठेवलेल्या दोन चिवट गाद्या, त्यांना मेनिस्कस म्हणतात. पिल्लांमध्ये तिसरी एक असते, हाड लांबीला वाढवणारी पट्टी, पण ती मोठं होता होता हाडात बदलून संपते. तिला आज सोडून देऊ.

आधी टोपणं. ही किती जाड असतील? २०१३ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या ५८ जातींचे मृत्यूनंतरचे गुडघे तपासले, २५ ग्रॅमच्या उंदरापासून ४,००० किलोच्या आफ्रिकन हत्तीपर्यंत. मांडीच्या हाडाच्या उंचवट्यांवरची कूर्चा त्यांना ०.०९ मिलिमीटरपासून ३ मिलिमीटरपर्यंत जाड सापडली. आता गंमत बघा. हत्ती त्या उंदराच्या १,६०,००० पट वजनाचा, पण कूर्चेची जाडी वाढली फक्त तेहतीस-चौतीस पट. मांजर या पट्टीवर खालच्या बाजूला बसतं. त्याच्या गुडघ्यातलं टोपण एक मिलिमीटरही जाड नसतं. मोबाईलला लावतो त्या टेम्पर्ड ग्लासच्या आसपासचीच गोष्ट म्हणा.

एवढ्या पातळ थरात कापून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एकसारखा पांढरा गोळा दिसत नाही. थर दिसतात.

सगळ्यात वर, सांध्याच्या पोकळीला लागून, पातळ थर. यातल्या पेशी चपट्या, जमिनीला समांतर झोपलेल्या, फरशीवर पसरलेल्या पोह्यांसारख्या. धागेही आडवे, पृष्ठभागाला समांतर. घासण्याला तोंड देणं हे या थराचं काम. इथल्या पेशी एक बुळबुळीत प्रथिनही सोडतात, त्यामुळे कूर्चेवर कूर्चा सरकताना घर्षण अगदी नगण्य राहतं.

त्याखाली मधला थर. पेशी गोल, विखुरलेल्या. धागे तिरपे, जिकडे तिकडे जाणारे. त्याच्याही खाली खोल थर, आणि इथे चित्र एकदम शिस्तीत येतं. पेशी एकावर एक, नाण्यांच्या चळतीसारख्या उभ्या रांगांत. धागे ताठ उभे, हाडाच्या दिशेने.

मग येते एक रेघ. रंगवलेल्या कापात ती नागमोडी, निळसर दिसते. समुद्राला भरती येऊन गेल्यावर वाळूत जी रेघ उरते तशी, आणि शास्त्रज्ञांनी नावही तेच ठेवलंय: टाइडमार्क, भरतीची रेघ. या रेघेच्या वर मऊ कूर्चा, खाली चुना भरलेली कडक कूर्चा, आणि ती कडक कूर्चा खालच्या हाडात दातेरी खाचांनी घट्ट बसलेली. ही व्यवस्था मला फार आवडली. मऊ वस्तू थेट कडक वस्तूला चिकटवली की सांधा तिथेच सुटतो, हे बूट वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे मऊपासून कडकपर्यंत मधला टप्पा ठेवलाय.

धाग्यांची एकूण मांडणी कशी आहे, हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ आल्फ्रेड बेनिंगहोफ यांनी १९२५ मध्ये मांडलं. खालून उभे निघालेले धागे वर येतात, पृष्ठभागापाशी वळतात आणि परत खाली जातात. वाड्याच्या दालनातल्या कमानींची रांग डोळ्यांसमोर आणा. पुढे तपशिलांत बऱ्याच सुधारणा झाल्या, पण कमानींचं चित्र अजून टिकून आहे.

खरं काम पाणी करतं

हे धागे कोलॅजनचे. पायांचं सूप गार झाल्यावर जेलीसारखं थिजतं ना, ते यातल्याच नात्यातल्या प्रथिनामुळे. पण धागा ओढायला दणकट असतो, दाबायला नाही. सुतळी ओढून बघा, तुटणार नाही. तीच उभी धरून दाबा, लगेच वाकेल. मग दाब झेलतं कोण?

पाणी. कूर्चेच्या वजनातलं ७० ते ८० टक्के पाणी असतं. आणि ते तिथे धरून ठेवणारा जो रेणू आहे, त्याचं नाव अ‍ॅग्रिकन. बाटली धुवायचा ब्रश कसा असतो, मधे काडी आणि चहूबाजूंनी केस? अ‍ॅग्रिकन तसा. असे कितीतरी ब्रश एका लांबलचक दोरीवर टांगलेले, आणि ती दोरी म्हणजे हायल्युरोनिक अ‍ॅसिड. हो, तेच, जे तुमच्या फेस सीरमच्या बाटलीवर लिहिलेलं असतं.

ब्रशच्या केसांवर ऋण विद्युतभार असतो. सगळे ऋण, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. शिवाय ते सोडियमसारखे धनभारित कण आपल्याकडे खेचतात, आणि त्या कणांच्या मागे पाणी आत शिरतं. लहान बाळाच्या डायपरमधली पावडर भिजल्यावर फुगून जेल होते, तिथेही हेच तत्त्व आहे. फरक एवढाच, की डायपर फुगत जाऊ शकतो, कूर्चा फुगू शकत नाही. कोलॅजनची जाळी तिला आवळून धरते. ब्रशांना फुगायचंय, जाळी फुगू देत नाही. सायकलच्या ट्यूब आणि टायरसारखं आहे हे. ट्यूब बाहेर ढकलते, टायर आत धरून ठेवतो, आणि दोघांच्या भांडणातून चाक कडक राहतं. मांजर झोपलेलं असतानाही त्याच्या कूर्चेत हा ताण असतोच.

आता मांजर उडी मारतं. दाब पडतो, पाणी बाहेर निसटू बघतं. पण ब्रशांच्या दाटीतून वाट काढायला त्याला वेळ लागतो, आणि उडीचा धक्का सेकंदाच्या छोट्याशा भागात संपतो. पाण्याला पळायला वेळच मिळत नाही. अडकलेलं पाणी दबत नाही, म्हणून बराचसा भार तेच उचलतं, धागे आणि ब्रश मागे आरामात. भार गेला की पाणी हळूहळू परत जागेवर. झटक्याला कडक आणि सावकाश दाबाला मऊ, असं हे मटेरियल आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला असलं काही फक्त सूत्रांत शिकवलं होतं. मांजराच्या पायात दाखवलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

मग याची किंमत काय?

हे सगळं जमण्यासाठी कूर्चेने दोन गोष्टी सोडल्या आहेत. रक्त आणि मज्जातंतू.

विचार केला तर ते साहजिक आहे. एवढ्या दाबात रक्तवाहिनी ठेवली तर प्रत्येक पावलाला ती चेंगरेल. मज्जातंतू ठेवला तर प्रत्येक पाऊल दुखेल. म्हणून मोठ्या झालेल्या मांजराच्या त्या टोपणात रक्ताची एकही नळी नाही आणि दुखतंय हे कळवणारी एकही तार नाही. पेशींना अन्न मिळतं ते सांध्यात भरलेल्या वंगणासारख्या द्रवातून, झिरपत झिरपत. सांधा हलला की हा द्रव आत-बाहेर होतो, झिरपणं सोपं होतं.

आणि पेशी तरी किती? मोठ्या प्राण्यांच्या जाड कूर्चेत त्या अगदी विरळ असतात, प्रत्येक पेशी आपल्या कप्प्यात एकटी, शेजारी लांब. मांजरासारख्या लहान प्राण्यात त्या जास्त दाटीने असतात. आर. ए. स्टॉकवेल यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या सस्तन प्राण्यांमध्ये या पेशी मोजल्या आणि त्यांना दिसलं, की पृष्ठभागाच्या एका चौरस मिलिमीटरखाली उभ्या सगळ्या थरांत मिळून पेशींची संख्या लहान-मोठ्या प्राण्यांत जवळपास सारखीच भरते. कूर्चा पातळ असेल तर तेवढ्याच पेशी कमी जागेत दाटीने बसतात, जाड असेल तर पांगतात. याचा एक सरळ अर्थ असा लावता येतो, की वरून झिरपणाऱ्या अन्नावर ठरावीक पेशीच पोसल्या जातात, घर कितीही उंच बांधा.

जखम भरायला शरीर काय करतं? रक्त पाठवतं, त्यासोबत दुरुस्तीच्या पेशी पाठवतं. इथे रस्ताच नाही. जागेवरच्या पेशी कप्प्यात बंद, हलू शकत नाहीत, फारशा वाढतही नाहीत. म्हणून मोठ्या वयात फाटलेली किंवा झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी होत नाही. ही काही नवी बातमी नाही. विल्यम हंटर या डॉक्टरांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर एक निबंध मांडला, त्यात त्यांनी हेच नोंदवलंय: एकदा गेली की ती भरून येत नाही. त्याला पावणेतीनशे वर्षं उलटून गेली.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही लॉग नसलेली, अलर्ट नसलेली आणि अपडेट न देता येणारी सिस्टीम आहे. चालते तोवर अफलातून.

चुंबळ

दुसऱ्या जातीची कूर्चा, मेनिस्कस. हिला समजायला आजीच्या घरी जाऊ. गोल बुडाचा माठ सपाट फरशीवर ठेवला तर तो एका बिंदूवर टेकतो आणि डुगडुगतो. म्हणून खाली चुंबळ ठेवतात, कापड पिळून केलेलं कडं. माठ बसतो, वजन सगळीकडे वाटलं जातं. मांडीच्या हाडाचे उंचवटे गोल, नडगीचा माथा सपाट. मध्ये दोन चुंबळी, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. पूर्ण कडं नसतं, इंग्रजी सी अक्षरासारखी चंद्रकोर असते. बाहेरची कड जाड, आतली कड पातळ.

हिची बांधणी टोपणांपेक्षा वेगळी. कोलॅजनही वेगळ्या प्रकारचं, कातडी आणि लिगामेंटमध्ये असतं तसं, आणि धागे गोलाकार, कडेकडेने फिरणारे. वरून वजन आलं की माठ चुंबळीला बाहेर ढकलतो आणि हे गोल धागे ताणले जाऊन तिला धरून ठेवतात. गोल फिरणारे धागे तुटले तर चुंबळ पसरते, आणि माठ परत एका बिंदूवर. बाहेरच्या कडेला थोडा रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली छोटी इजा भरून यायची काहीतरी आशा. आतल्या कडेला तीही नाही.

मांजरांच्या खानदानात इथे एक खास गोष्ट सापडते. वाघाच्या गुडघ्यात मेनिस्कसच्या आत छोटं हाड असतं, आणि १९९४ मध्ये झालेल्या अभ्यासात ती वाघाची नेहमीचीच रचना असल्याचं म्हटलं होतं. घरच्या मांजराच्या एक्स-रेतही आतल्या बाजूच्या मेनिस्कसच्या पुढच्या टोकाशी कधी कधी पांढरा ठिपका दिसतो, तिथे चुना साठलेला असतो. तो पाहून 'हे तर मांजरांत असतंच' म्हणून सोडून द्यायचा मोह होईल. पण घरच्या मांजरांच्या गुडघ्यांवरच्या अभ्यासात असं दिसलं, की ठिपका असलेल्या गुडघ्यांत त्याच बाजूची कूर्चा जास्त खराब असते. तेव्हा तुमच्या रिपोर्टमध्ये असा काही उल्लेख असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचारा. वाघाला चालतं ते मनीला चालेलच असं नाही.

जाता जाता आणखी एक. मांजराच्या गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, मांडीच्या स्नायूच्या जाड दोरीत, कूर्चेसारखा एक घट्ट भाग असतो. गुडघा पूर्ण दुमडला की ती दोरी हाडावर दाबली जाते, तिथे घासून खराब होऊ नये म्हणून ही सोय. दबा धरून तासन् तास बसणाऱ्या प्राण्याला शोभेल अशी.

झिजते म्हणजे काय होतं

झिजणं म्हणजे खोडरबरासारखं पातळ होत जाणं, असं आपल्याला वाटतं. सुरुवात तशी होत नाही. आधी वरच्या थरातले ब्रश कमी होतात. प्रयोगशाळेत एक लाल रंग वापरतात, तो ब्रशांना चिकटतो. चांगली कूर्चा लालभडक दिसते, बिघडू लागलेली वरून फिकी पडत जाते. मग जाळीचे धागे सैल होतात. टायर सैल झाला की ट्यूब फुगते. म्हणून बिघडणारी कूर्चा सुरुवातीला चक्क जास्त पाणी धरते आणि मऊ पडते. मग पृष्ठभाग उसवतो, जुन्या टॉवेलसारखे धागे निघतात. भेगा खोल जातात. पेशी घाबरल्यासारख्या घोळके करतात. भरतीच्या एका रेघेच्या दोन-तीन होतात, खालून रक्तवाहिन्या वर घुसू लागतात. शेवटी हाड उघडं पडतं, आणि कडेला शरीर नवं हाड उगवून बसतं.

आता ताईंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं हातात आली. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसतात ते तिच्या मागे उरलेले पुरावे: कडेचं नवं हाड, मेनिस्कसमधला चुना, हाडाचा बदललेला पोत. हे पुरावे उशिरा तयार होतात. मेलेल्या मांजरांचे सांधे एक्स-रे काढून नंतर उघडून बघितले, तेव्हा एक्स-रे स्वच्छ असलेल्या कितीतरी गुडघ्यांत कूर्चा आधीच खराब झालेली निघाली. म्हणजे 'एक्स-रेत काही नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही.

आणि मांजर ओरडलं नाही, कारण कूर्चेला ओरडताच येत नाही. दुखायला लागतं ते आजूबाजूला सूज आल्यावर, खालच्या हाडापर्यंत गोष्ट गेल्यावर. तिथे मज्जातंतू आहेत. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यात मांजर हा दुखणं लपवणारा प्राणी, आणि बऱ्याचदा दोन्ही गुडघे सारखेच बिघडतात, त्यामुळे लंगडणंही दिसत नाही. लंगडायला एक पाय बरा लागतो.

हे किती मांजरांत होतं? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, ९० मध्ये सांध्यांची झीज दिसली. २०१० मध्ये ६ महिने ते २० वर्षं वयाची, कुठल्याही तक्रारीवरून न निवडलेली १०० मांजरं बघितली, ९२ मध्ये कुठे ना कुठे झीज सापडली. पायांच्या सांध्यांत पहिला नंबर खुब्याचा, पाठोपाठ गुडघा. आपण ज्याला 'म्हातारं झालंय, झोपून असतं' म्हणतो, त्यातलं किती वय आणि किती दुखणं, हा प्रश्न यानंतर मला गंमतीचा वाटेनासा झाला.

एक गोष्ट मात्र मोठ्याने सांगायची आहे, एपिसोडमध्येही आवाज वाढवला होता. मांजराला आपली दुखण्या-तापाची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. आपलं यकृत ते ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजरात फार कमजोर आहे. विषारी पदार्थ साठतो, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकते. चुकून पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

मांजरांसाठीची वेगळी औषधं आहेत. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने फ्रुनेव्हेटमॅब नावाच्या इंजेक्शनला मंजुरी दिली. ते दुखण्याचा निरोप पोचवणाऱ्या एका प्रथिनाला अडवतं. वेदना कमी होते, कूर्चा परत येत नाही. कुठलं औषध, किती, कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि कमेंटमधले काकाही नाहीत. वजन आटोक्यात ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. वर केलेलं उडीचं गणित ४ ऐवजी ६ किलो घालून करून बघा.

रीलवर स्कॉटिश फोल्ड बघून ज्यांना घ्यावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी एक वाक्य जास्त. तो दुमडलेला गोड कान म्हणजे कूर्चेचाच आजार आहे. २०१६ मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला, आणि तो फक्त कानापुरता राहत नाही. शेपटी, घोटे, पाय, सगळीकडच्या हाडा-कूर्चेत जातो. ब्रिटनच्या मुख्य मांजर-संघटनेने या जातीची नोंदणी १९७० च्या दशकातच बंद केली.

राहिला प्रश्न लवकर ओळखायचा कसा. इथे तुमचा फोन एक्स-रेपेक्षा उपयोगी पडू शकतो. २०२० मध्ये संशोधकांनी मांजरांच्या सांधेदुखीसाठी घरच्या घरी वापरायची एक छोटी यादी तयार केली. त्यात मोजक्या हालचाली आहेत: वर उडी, खाली उडी, जिना चढणं, जिना उतरणं, पळणं, आणि हलत्या वस्तूच्या मागे धावणं. मांजर हे पूर्वीसारखं करतंय का, एवढंच बघायचं. दवाखान्याच्या टेबलावर ते घाबरून दगड होतं, तिथे यातलं काहीच दिसत नाही. म्हणून घरीच स्लो मोशनमध्ये शूट करा, शक्यतो बाजूने, फोन जमिनीजवळ धरून. उडीआधी किती वेळ थबकतं, दोन्ही मागचे पाय एकदम जमीन सोडतात का, पुढच्या पायांनी स्वतःला वर ओढून घेतं का, हे डोळ्यांना निसटतं पण व्हिडिओत स्पष्ट दिसतं. मांजर तरुण आणि ठणठणीत असतानाच एक व्हिडिओ काढून तारखेच्या नावाने सेव्ह करून ठेवा, पुढे डॉक्टरांना दोन्ही शेजारी लावून दाखवता येतील.